सैल झाकणं

माझे सासरे आयुष्यभर डोंगरावर कडू मुळी खणत आले. तापावरची ही औषधी वनस्पती फक्त थंड कड्यांवर येते, आणि तिचं मूळ बोटाएवढं जाड व्हायला वर्षानुवर्षं लागतात. सासऱ्यांनी, त्यांच्या भावांनी, सगळ्या गावाने ती इतकी खणली की कड्यावर नुसतं गवत उरलं. शेवटचं झाड त्यांनाच सापडलं. ते मात्र त्यांनी विकलं नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या बायकोच्या हाती दिलं. "काढली मी, परत लावणारही मीच," म्हणाले.

बायको रोपांच्या प्रयोगशाळेत काम करते. तिथे मातीचं नाव काढायचं नाही. टोपी-मास्क घालायचा, चिमटा ज्योतीवर धरायचा, कोंबाचा मोहरीएवढा तुकडा बाटलीतल्या जेलीवर ठेवायचा आणि झाकण घट्ट लावायचं. त्या कापाकापीत मूळ झाड संपलं, पण मांडणीवर बाटल्याच बाटल्या झाल्या, प्रत्येकीत एक हिरवंगार रोप. बर्फ वितळलं की ती कड्यावर लावायची होती. म्हणून सासरे आमच्याकडे राहायला आले आणि कड्याच्या सरावासाठी कुरकुरत्या गुडघ्यांनी रोज आमच्या इमारतीचा जिना चढू लागले.

"मामा, जिना झिजेल हो," मी चेष्टा करायचो.

"जावईबापू, तुम्ही माझ्याबरोबर अर्धा कडा चढून दाखवा, मग बोला!"

प्रयोगशाळेच्या मॅडमनी एकदा त्यांना कौतुकाने रोपं बघायला बोलावलं. टोपी-मास्क घालून म्हातारा नवरदेवासारखा ऐटीत आत गेला. बायको शेजारच्या खोलीत चिमटे आणायला गेली, तेवढाच वेळ ते एकटे होते.

संध्याकाळी जेवताना म्हणाले, "फार घट्ट झाकणं लावता गं तुम्ही. गुदमरत होती बिचारी. सगळी जराजरा सैल करून आलो."

बायकोने घास ताटात टाकला. ती भरल्या ताटावरून उठली आणि तशीच प्रयोगशाळेकडे धावली. माझं डोकं तापलं होतं, पण त्यांचा तृप्त चेहरा बघून मी त्यांना भाकरी वाढली. रागवायचं तरी कुणावर?

झाकणं पुन्हा घट्ट करून काही उपयोग झाला नाही. ती जेली गोड असते. हवेतून शिरलेली बुरशी तिच्यावर पोसली. थोड्याच दिवसांत बाटलीबाटलीत पांढरा कापूस दाटला आणि रोपं काळी पडली. अशा बाटल्या न उघडता वाफेच्या भांड्यात घालून आतलं सगळं मारायचं असतं. ते काम बायकोनेच केलं. तिने मॅडमना सगळं खरं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "त्यांना सांगू नका."

आम्ही सांगितलं नाही. कसं सांगणार? मला अजून ते वाक्य जुळवता आलेलं नाही.

काल त्यांनी पुन्हा विचारलं, "कशी आहेत गं रोपं?"

"छान आहेत, आप्पा."

"असणारच! मी झाकणं सैल केली म्हणून वाचली. तुझ्या मॅडमला सांग, दरवेळी तसंच करत जा म्हणावं."

"सांगते," ती म्हणाली आणि भांडी घासायला वळली.

सासरे काठी घेऊन जिन्याकडे निघाले. हल्ली ते मध्ये कुठेही न थांबता थेट गच्चीपर्यंत चढतात.