आबांची वेलांटी

नव्वदीच्या दशकात, नोकरीला लागून मला दुसरंच वर्ष होतं. इंदापूर तालुक्यात, पळसदेवजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत मी तिसरी-चौथीला शिकवत होते. त्या हिवाळ्यात आम्हा शिक्षकांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण बारामतीत लागलं. हजेरी, चहा आणि भाषणं, असं धरूनच मी गेले होते.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून एक बाई आल्या. आल्या आल्या त्यांनी फळ्यावर चार ओळी लिहिल्या. 'भ'च्या जागी 'म', 'घ'च्या जागी 'ध', वेलांट्या भलत्याच अक्षरांना, शब्द मधेच तोडलेले. पुढच्या बाकावरच्या एका ज्येष्ठ गुरुजींना त्यांनी उभं केलं.

"वाचा. मोठ्यानं."

गुरुजी अडखळले.

"लवकर! तिसरीतल्या मुलांना येतं हे. लक्ष कुठंय तुमचं?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. गुरुजींच्या कपाळावर घाम आला. तेव्हा बाईंनी त्यांची हात जोडून माफी मागितली आणि आमच्याकडं वळल्या. "काही मुलांची वाचताना रोज अशी दमछाक होते. डोळे चांगले, बुद्धी चांगली, पण अक्षर आणि आवाज यांची गाठ त्यांच्या मेंदूत सहज बसत नाही. याला डिस्लेक्सिया म्हणतात. हा आळस नाही."

मी भराभर लिहून घेऊ लागले. आधी वर्गातली एक मुलगी आठवली. बाई पुढं सांगत होत्या: ऐकलेलं लक्षात राहतं, लिहिलेलं वाचवत नाही. वाचायची वेळ आली की निमित्त काढून निसटायचं. मोठेपणीही ते जात नाही, माणूस फक्त लपवायला शिकतो.

माझं पेन थांबलं. हे तर आमचे आबा!

आबा म्हणजे माझे वडील. माळेगावला साखर कारखान्यात फिटर. यंत्राच्या आवाजावरून कुठलं बेअरिंग तापलंय ते सांगायचे. फोरमनची जागा त्यांना दोनदा देऊ केली, दोन्हीदा त्यांनी नको म्हटलं. लोक म्हणायचे, माज हाय. शाळा चौथीत सुटली, एवढंच आम्हाला माहीत. पेपर आला की म्हणायचे, "वाच गं, चष्मा कुठं ठिवलाय घावंना." आणि मी, शिकून मास्तरीण झालेली त्यांची मुलगी, वर्षानुवर्षं पेपर वाचून दाखवत आले होते!

संध्याकाळी मी माळेगावची एसटी धरली. पुढं उसाच्या बैलगाड्यांची रांग, एसटी मुंगीच्या पावलानं. उतरून पळत सुटावं असं वाटत होतं.

आबा अंगणात फवारणीचा पंप खोलून बसले होते. आई शेजारी मेथी निवडत होती. मी पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"आबा, वाचताना तुम्हाला काय होतं?"

पाना हातातच थांबला. "काय व्हायचंय?"

"खरं सांगा. मी हसणार नाही."

त्यांनी पाना खाली ठेवला. "येक येक अक्षार वढून काडावं लागतंय. चौथं काडस्तवर पयलं निसटतंय. आन् ती वेलांटी! दिसती आदी, बोलायची मागनं. मला वाटायचं, समद्यांचंच असं हुतंय. बाकीची नेट लावत्यात, मीच ढ."

"आबा, त्याला नाव आहे!"

मी सगळं सांगितलं. ते तो शब्द तोंडात घोळवत राहिले. "डिस... लेक... म्हंजी रोग हाय?"

"नाही. मेंदूची घडणच वेगळी. जन्मापासून."

"म्हंजी मी ढ न्हवतो?"

"कधीच नव्हता."

आई मान वर न करता म्हणाली, "मला लगीन झाल्यापास्नं म्हाईत हाय. बाजाराची यादी मी तोंडीच सांगती की."

आबा उठले. अंगणाला एक फेरी मारली, परत बसले. डोळे पाण्यानं भरलेले आणि ओठांवर हसू. "त्या बाई काय म्हनल्या, पयल्यापास्नं सांग." मी सांगितलं. जेवताना पुन्हा सांगितलं. सकाळी त्यांनी परत विचारलं, "त्या गुरुजींला खरंच घाम फुटला?"

तिसऱ्या दिवशी मी बाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, मोठ्या माणसालाही जमतं, पण एकेक आवाज घ्या, हातानं गिरवा, घाई नको. दर शनिवारी मी घरी यायचे. परातीत वाळू पसरायची, आबा बोटानं अक्षर काढत मोठ्यानं म्हणायचे. मग पाटीवर तेच लिहिताना वेलांटी आम्ही लाल खडूनं काढायचो, म्हणजे आधी दिसली तरी थांबायचं हे कळे. कधी चिडायचे, परात ढकलायचे, अर्ध्या तासानं स्वतःच पुढं ओढायचे. वर्षभरानं त्यांनी रेशनकार्डावरचं आईचं नाव वाचलं. त्यात वेलांटी आहे. आई म्हणाली, "लई उशीर केला," आणि चुलीपुढं पाठमोरी होऊन डोळे पुसत बसली.

झरझर वाचणं त्यांना कधीच जमलं नाही. पण फोरमनच्या जागेसाठी ते आपणहून कारखान्याच्या साहेबांकडं गेले. "मला अक्षरं जुळवाया येळ लागतो. मशिनीचं समदं तोंडी सांगतो, लिवायला जोडीला मानूस द्या." साहेबांनी दिला, आणि आबा फोरमन झाले.

पाळीवरच्या लोकांना त्यांनी कारणही उघड सांगून टाकलं. मग एका रविवारी त्यांच्यातले दोघं नव्या कोऱ्या वह्या घेऊन आमच्या दारात उभे. "मास्तरीणबाई, आमालाबी त्ये लेक्सिया हाय का बगा." एकजण शाळेत कधी गेलेलेच नव्हते. दुसऱ्यांना मी पुस्तक दिलं, तर त्यांनी ते हातभर लांब धरलं. त्यांना चष्मा लागत होता! आबा पोट धरून हसले. मग त्यांनीच परात आणली, वाळू सारखी केली आणि कधीच शाळेत न गेलेल्या त्या गृहस्थांचं बोट धरून पहिला 'अ' काढून दिला.