नानांच्या सायकलचं ग्रीस

हे मी कधी तोंडातून बाहेर काढेन असं वाटलं नव्हतं. नवऱ्याला अजून माहीत नाही. माझ्या बहिणीला मी रोज काय भाजी केली तेसुद्धा सांगते — तिलाही नाही. मग तुम्हालाच का? ज्या दोघांना सांगायला हवं होतं त्यांना सांगून झालंय, म्हणून. एकदा बोलले तर आता उरलेलं पोटात राहत नाही.

नाना म्हणजे माझे सासरे. नेपानगरच्या पेपर मिलमधून रिटायर झाले आणि बुऱ्हाणपूरला आमच्याजवळ राहायला आले. सासूबाई आधीच गेल्या होत्या. नवरा केळीची पिकअप चालवतो, पहाटे गेला की अंधार पडल्यावर येतो. घरात दिवसभर मी आणि नाना. पण जेवण झालं की नाना सायकल काढायचे आणि सिंधीपुऱ्यात बाबूभाईंच्या दुकानावर जाऊन बसायचे. बाबूभाई सायकल मिस्त्री, नानांचे शाळेपासूनचे दोस्त. तिथं चहा, पेपर, कुठल्यातरी गोष्टीवरून वाद, आणि मग मनात येईल तेव्हा परत.

ती दुपार माझी असायची. पदर बाजूला टाकायचा, केस सोडायचे, पंख्याखाली फरशीवर आडवं व्हायचं आणि बहिणीला फोन लावायचा. एवढंच. नानांसमोर मी डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नाही. त्यांनी तसं सांगितलं होतं का? कधीच नाही. लग्न होऊन आले तशी मीच राहिले. आणि ते अचानक येतील ही धास्ती नव्हती, कारण त्यांच्या सायकलचं पायडल कुरकुरायचं. गल्लीच्या तोंडाशी सायकल वळली की इकडे मला कळायचं. दारात येईपर्यंत मी केस बांधून, पदर घेऊन गॅसपाशी उभी.

मग एकदा बाबूभाईंनी आपणहून ती सायकल उलटी केली. पायडलं खोलली, आतले छर्रे डिझेलमध्ये धुतले, नवं ग्रीस भरलं. नाना खुशीत घरी आले. म्हणाले, "लोण्यासारखी चालते गं शोभा आता."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी फोन स्पीकरवर टाकून आडवी पडले होते. बहिणीला नानांची नक्कल करून दाखवत होते — ते बशीतून चहा कसा ओढतात, मधेच थांबून मिलमधली तीच ती गोष्ट कशी सांगतात. ती तिकडून हसत होती, मी इकडून. मान वळवली तर नाना दारात.

ते उलट्या पावली ओट्यावर जाऊन बसले आणि खोकले, जणू आत्ताच येताहेत. मी चहा नेऊन दिला. त्या दिवशी त्यांनी तो कपातूनच प्यायला, आवाज न करता.

मी माफी मागायला हवी होती. मागितली का? नाही. मी काय केलं ते सांगते — हळूहळू सांगते, घाई करवत नाही. नवऱ्याच्या गाडीसाठी घरात डिझेलचा कॅन असतो. शिलाई मशीनच्या तेलाची लांब चोचीची कुप्पी असते. सकाळी नाना आंघोळीला गेले तेव्हा मी सायकल आडवी केली, कुप्पीत डिझेल भरलं आणि पायडलाच्या फटीतून आत सोडलं. पायडल फिरवत राहिले. ग्रीस पातळ होऊन बाहेर आलं, ते फडक्यानं पुसलं. दुसऱ्या बाजूलाही तसंच. एक-दोन दिवस सायकल गप्प होती, मग कुरकुरायला लागली. आणि मला — लाज वाटते सांगायला — हायसं वाटलं.

नानांनी सायकल बाबूभाईंकडे नेली. त्यांनी पुन्हा ग्रीस भरलं. मी पुन्हा धुतलं. ते पुन्हा घेऊन गेले. किती वेळा, ते मी मोजलं नाही. शेवटच्या वेळी नाना पायी परत आले, सायकल हातात धरून, चेहरा उतरलेला.

"बोललो त्याला," म्हणाले. "चार गिऱ्हाइकांसमोर बोललो. म्हटलं, दुसऱ्यांचं काढलेलं जुनं ग्रीस मला भरतोस काय? तर म्हणे, दुसरा मिस्त्री बघ."

तेव्हा सांगता आलं असतं ना? सगळं तिथंच मिटलं असतं. मी पाण्याचा तांब्या त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "आजकाल कोणाचा भरवसा धरायचा, नाना."

तोंडातून निघत नव्हतं ते हे. डिझेल नव्हे — हे वाक्य. डिझेल मी भीतीपोटी घातलं असं एखादी म्हणेल. हे वाक्य कशापोटी?

नानांचं बाहेर जाणं बंद झालं. सायकल भिंतीला टेकवलेली राहिली, टायर बसले. दिवसभर ते खुर्चीत, हातात पेपर, पण पान उलटायचे नाहीत. दाढी आठवड्यातून एकदा, मग तीही मी आठवण केली की. दिवाळी गेली, उन्हाळा गेला. माझी दुपारही गेली होती, पण तिचं काय बोलायचं?

मग या पावसाळ्यात भाजीबाजारात बाबूभाई भेटले. मी नजर चुकवून जात होते, त्यांनीच थांबवलं.

"नाना कैसे हैं, बेटी? घुटना दुखता था उनका."

ज्या माणसानं आपला चारचौघांत अपमान केला त्याच्या गुडघ्याची चौकशी. मी भेंडीची पिशवी हातात धरून उभी होते आणि तोंडातून निघून गेलं — "चाचा, तुमचं ग्रीस चांगलं होतं. मी डिझेल टाकून धुवत होते."

"क्यों?"

मी सांगितलं. पंखा, फोन, नक्कल, सगळं. बाजूनं लोक जात होते. ते ओरडतील असं वाटलं. ओरडले नाहीत. आपल्या दोन्ही हातांकडे बघत म्हणाले, "मैं समझा, मेरे ही हाथ गए. तब से पायडल खोलने का काम मैंने लेना ही बंद कर दिया."

हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटत होतं मी फक्त एक दोस्ती मोडली.

"नाना को बताया?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"तो जा. पहले उनको बता."

घरी आले, पिशवी खाली ठेवली आणि नानांसमोर जमिनीवर बसले. सगळं बोलले. ते वाक्यसुद्धा. नानांनी हातातला पेपर घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "माझी इतकी भीती वाटत होती का गं तुला?"

मी म्हणाले, "तुम्ही भीती वाटण्यासारखं कधी काही केलंच नाही, नाना."

ते उठले, शर्ट घातला आणि पायीच सिंधीपुऱ्याकडे निघाले. दिवेलागणीला परतले. तिथं काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. माझ्याशी ते काही दिवस कामापुरतंच बोलले. ते बरोबरच होतं. पण खरं सांगू? त्या अबोल्यात मला मोकळा श्वास घेता येत होता. आता नाना पुन्हा रोज दुपारी जातात. आणि बाबूभाईंनी पायडलाची कामं घ्यायला सुरुवात केली आहे, असं परवा नानांनीच जेवताना सांगितलं.

फक्त ती गिऱ्हाइकं राहिली. त्या दिवशी दुकानासमोर कोण कोण उभं होतं, नानांनाही आठवत नाही. त्यांच्यातलं कोणी अजूनही म्हणत असेल की बाबूभाई जुनं ग्रीस भरतो. ते भरत नाहीत. ग्रीस नवं होतं, ते मी काढलं.