गिरणीचे शेअर

निजामाच्या राजवटीत, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कापड मिळेनासं झालं आणि हैदराबादेतल्या एका कापडगिरणीच्या शेअरांचं वेड आमच्या सेलूत शिरलं. आमचे हे कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होते. त्यांनी राहतं घर सावकाराकडं गहाण टाकून शेअर घेतले. भाव चढतच गेला, तेव्हा ते शेअरही तारण ठेवून आणखी कर्ज काढलं आणि आणखी शेअर घेतले.

"आता विका की थोडे, घर तरी सुटंल," मी म्हणाले.

"आत्ता कोण विकतंय? रोज चढायलेत," ते हसून म्हणाले. इतकं खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

लढाई संपली आणि भाव कोसळला. निम्म्या किमतीतही कुणी शेअर घेईना.

सावकार घराचा ताबा मागायला आले, तेव्हा मी दारातच उभी राहिले. "थोडी मुदत द्या, दादा."

ते पायरीवरच बसले. "कुठून देऊ वहिनी? मीबी तेच शेअर घेतलेत, हैदराबादच्या पेढीकडनं पैसे उचलून. माझंबी घर हातचं चाललंय."

ह्यांनी आतून पाण्याचा तांब्या आणून त्यांच्यापुढं ठेवला.

आम्ही परभणीला एका खोलीत राहायला आलो. ह्यांना नोकरी लागली, पण घरात कशालाच ते हो किंवा नाही म्हणेनासे झाले. भाजी कोणती करू, एवढं विचारलं तरी "तूच बघ" म्हणायचे. मुलीचं स्थळसुद्धा मला एकटीलाच ठरवावं लागलं.