चंदाआत्याचा तोंडावरचा हात

चंदाआत्या गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "मोनाली, भिंतीवर लावाले तिचा एखादा फोटो पाय बरं." मी पेटी उपसली, सगळ्यांचे मोबाईल धुंडाळले. बारशी, लग्नं, कौंडण्यपूरची जत्रा, सगळीकडे आत्या होती आणि सगळीकडे तिच्या तोंडावर हात, नाहीतर पदर. शेजारची केशरबाई म्हणाली, "लाजाळू होती बिचारी." असा राग आला मला! कसली लाजाळू? इतवारा बाजारात भाजी विकायची तेव्हा तिचा आवाज पार रस्त्यापलीकडे जायचा. तो हात तिथे माझ्यामुळे गेला होता.

मी सहा वर्षांची होते. आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, बावीसची. अकोल्याहून पाहुणे तिला बघायला आले होते. पोहे झाले, बोलणं जमत आलं आणि मी आगाऊ कार्टी सगळ्यांसमोर बोलले, "आमच्या आत्याचे दात फावड्यावानी हायेत!" पाहुणे खो खो हसले. नवरामुलगा सगळ्यात मोठ्यांदा. आत्याही हसली, पण हसताना तिचा हात वर गेला. ते स्थळ मोडलं. पुढे आलेल्यांना तिनेच नाही म्हटलं आणि भाजीचं दुकान मांडलं. मला मात्र ती एका शब्दाने बोलली नाही. चांगली एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

मी इथेच, आमच्या अमरावतीत नोकरीला लागले. काही वर्षांनी एकदा हिय्या केला आणि तिला स्कूटीवर बसवून दातांच्या डॉक्टरकडे नेलं. तेव्हा ती चव्वेचाळीसची. "पागल झाली काय व? या वयात तारा लावून मी काय हिरोईन होऊ?" वाटभर हेच. डॉक्टर धम्मदीप वयाने लहान, पण शांत माणूस. त्यांनी समजावून सांगितलं, "मावशी, दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. तारेनं हळू हळू दाबत राहिलं, की ज्या बाजूला तो सरकतो तिथलं हाड विरघळतं, अन् मागं सुटलेल्या जागेत नवं हाड भरतं. असा तो महिन्याला मिलिमीटरभर चालतो. वयाचं काही नाही, हाड जितं पाहिजे."

आत्या म्हणाली, "म्हंजे पुढची माती उकराची अन् मागं भर टाकाची. मंग लावा."

दोन दात काढून जागा केली, तारा बसल्या. आठवडाभर भाकर दुधात कुस्करून खाल्ली. बाजारात गिऱ्हाईकं चिडवायची, "काय चंदाबाई, दाताले कुंपण घातलं काय?"

"हो न, तुह्यासारखे ढोरं शिरू नये म्हणून!" आत्या म्हणायची. पदराआडूनच, पण म्हणायची.

वर्षभराने माझं लग्न ठरलं, तेही अकोल्यातच. त्या दिवशी आत्या वांगी निवडता निवडता म्हणाली, "मोना, त्या अकोल्याच्या लोकाईसमोर मले तोंड उघडून हसाचं हाय. फोटोत." इतक्या वर्षांत तिने स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी मान वळवून डोळे पुसले.

तिथेच घोळ झाला. डॉक्टरांनी वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेपर्यंत लावायला बारीक रबरं दिली होती. आत्याला ती फारच लेचीपेची वाटली. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. त्या सांबाराच्या जुड्या बांधायचं जाड रबर तिने दुहेरी करून तोंडात अडकवलं. काम लवकर व्हावं म्हणून. आठ दिवसांनी फोन आला, "मोना, माहा सुळा हलून राहिला व."

डॉक्टर पहिल्यांदाच चिडले. "मावशी, जोर केला तर दात चालत नाही, अडून बसतो! जास्त रेटलं की तिथलं रक्त थांबतं अन् हाडाचं काम बंद पडतं. आणखी थोडे दिवस हे ठेवलं असतं तर सुळा गमावून बसला असता. आता तीन महिने काहीच ओढायचं नाही." लग्न दोन महिन्यांवर होतं.

परत येताना आत्या माझ्या पाठीवर कपाळ टेकून रडली. मी स्कूटी बाजूला घेतली आणि एवढ्या वर्षांचं एकदाचं ओकून टाकलं. "आत्या, फावडं मी म्हटलं होतं."

"मले मालूम हाय," ती नाक पुसत म्हणाली. "तू लहान होती व. हसले ते मोठे होते."

लग्नात आत्या माझ्या शेजारी उभी राहिली. तोंडात तारा, दातांमध्ये अजून फटी, समोर अकोल्याचा सगळा गोतावळा. फोटोवाला म्हणाला, "हसा!" आत्याचा हात निघालाच. मी तो मधेच धरला. खाली ओढला नाही, नुसता धरून राहिले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि खळखळून हसली.

पुढे तारा निघाल्या. दात मोत्यासारखे ओळीत आले. तरी हसू आलं की हात वर जायचाच. दात मागे गेले, हात काही खाली आला नाही. गेल्या साली दोन दिवसांच्या तापात ती गेली.

तर तोंड उघडं असलेला तोच एक फोटो सापडला. स्टुडिओवाला म्हणाला, "ताई, तारा पुसून टाकतो. अन् हा कडेचा हात बी कापतो, फोटो साफ दिसन."

"काही कापू नको," मी म्हटलं. "हाय तसाच दे."

आता आत्या भिंतीवर आहे. तारांसकट, फटींसकट हसते आहे, आणि खालच्या कोपऱ्यात माझ्या मेंदीच्या हातात तिचा हात आहे.