कावळ्याने नेलेला अलायनर

ह्यांच्या वर्षश्राद्धाला कावळ्याने भात, खीर, वडा कशालाही चोच लावली नाही. माझा अलायनर मात्र नेला.

अलायनर म्हणजे दात सरळ करायला (जेवण सोडून) दिवसरात्र दातांवर चढवायचा पारदर्शक साचा. पूर्वी तारा असत, आता हे. दर थोड्या दिवसांनी नवा साचा येतो, आधीच्याहून किंचित पुढे सरकलेला. दात बिचारे मुकाट्याने त्याच्यामागे जातात. माझे पुढचे दोन दात जन्मभर एकमेकांवर पाय टाकून बसलेले. लग्नाच्या फोटोतही मी ओठ मिटून आहे. हे म्हणायचे, "एकदा तरी तोंड उघडून हस." मी म्हणायचे, "आता या वयात?"

हे गेले आणि काही महिन्यांनी मी ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. विचारलं, "साठीला आलेले दात हलतात?"

"हिरड्या आणि हाड धड असेल तर हलतात," त्या म्हणाल्या. "वय नातेवाईक मोजतात."

ते मोजायला वर्षश्राद्धाला कल्याणहून माझी नणंद आलीच. आम्ही डोंबिवलीतल्या आमच्या गच्चीवर पान ठेवून उभ्या. कावळे समोरच्या टाकीवर, ढिम्म. अशा वेळी गेलेल्याची राहिलेली इच्छा ओळखून वचन द्यायचं असतं. वन्संनी हात जोडले.

"दादा, गावचं घर विकणार नाही." काही नाही.

"दादा, वहिनीला एकटी पडू देणार नाही." काही नाही.

मग त्यांची नजर माझ्या तोंडाकडे गेली. "दादा, वहिनी हे दातांचं खूळ आजपासून सोडेल. शिव बाबा."

साचा घालून मी बोबडं बोलते, आणि बोबड्या निषेधाला कोणी भीत नाही. म्हणून मी तो काढला, कठड्यावर पानाशेजारी ठेवला आणि टाकीकडे बघून ठणकावलं, "अहो, वन्संचं ऐकू नका. मी दात सरळ करणार. पटत नसेल तर उपाशी राहा."

एक कावळा झपकन आला, पानाकडे ढुंकूनही न बघता साचा उचलला आणि टाकीपलीकडे दिसेनासा झाला.

"बघितलंस?" वन्सं म्हणाल्या. "दादाने स्वतः येऊन नेलं. आता तरी सोड."

मी गच्चीवरूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. झालं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "कुत्र्याने चावलेले, हॉटेलच्या कचऱ्यात गेलेले पाहिलेत. पितरांनी नेलेला पहिलाच. मागचा साचा घालून थांबा. किंवा बदलायची वेळ आलीच असेल तर पुढचा चढवा, पण दुखेल."

"वेळ आलीय. पुढचाच," मी म्हटलं. "दुखायचं काय, वर्षभर दुखतंच आहे."

वन्संच्या देखत मी पुढचा साचा दाबून बसवला. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी भावाच्या आठवणीचं धरलं. (निम्मं तेच होतं.) शेवटी दर्भाचा कावळा करून पानाला शिववला, साचा काढला आणि जेवायला बसलो. वड्याला दात लावला तर पुढचे दोन्ही दात असे ठणकले की वड्यावर नुसत्या खुणा उमटल्या. वडा ह्यांचा जीव की प्राण. स्वतःचे संपले की माझ्या ताटातला उचलायचे.

टाकवेना म्हणून तो उष्टा वडा मी कठड्यावर नेऊन ठेवला. हात मागे घेते न घेते तोच कावळा हजर.

दातांच्या भांडणात मी जिंकले. वडा नेहमीप्रमाणे ह्यांनी खाल्ला.