घरातून लिहिलेले अक्षर

अक्का गेल्याची तार देवासला माझ्या हाती आली तेव्हा मी वर्गावर होतो. पोरांना धडा वाचायला लावून खिडकीशी जाऊन उभा राहिलो आणि ती एक ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिलो... महूहून धारला टांगा केला. टांगेवाल्याने घर विचारले. "पोथीवाले दाजी के यहाँ? बाई बहोत भली थीं, भिया," एवढेच म्हणाला, आणि टांगा हाकला. दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, ओसरीवर बसले होते. पायांचा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली. "मास्तर ना? बसा," म्हणाले. त्यांना दिसत नाही हे आता साऱ्या धारला ठाऊक आहे. एके काळी ते घराबाहेर कोणालाच ठाऊक नव्हते.

आमचे वडील हाटपिपल्याला पुराण सांगत. पोथ्या उतरून घ्यायला त्यांना हात हवा होता, म्हणून त्यांनी अक्काला लहानपणीच बोरू धरायला शिकवले. तिचे अक्षर मोकळे, टपोरे. ओळ अशी चाले की आखल्याचा भास व्हावा. चुकलेच तर त्यावर पिवळी हरताळ फासायची आणि वर नवे अक्षर काढायचे. लग्न होऊन ती धारला आली ती दरबारच्या लेखकाच्या घरात. महाराजांना सुंदर पोथ्यांचा शौक, आणि त्या लिहायचे काम दाजींकडे. पुढे दाजींची नजर मंदावू लागली, तेव्हा अक्काने न बोलता त्यांच्या हातचा बोरू आपल्या हाती घेतला. दाजी बोटांनी चाचपून अकिकाच्या दगडाने कागद घोटून गुळगुळीत करत, अक्का लिही, शेवटी नाव दाजींचे पडे. दाजींच्या हाताला वय म्हणून येत नाही, असे लोक कौतुकाने म्हणत.

अशात एक जपानी गृहस्थ बाघची लेणी पाहायला जाताना धारला महाराजांचे पाहुणे म्हणून उतरले. त्यांना इंग्रजी येई, म्हणून दुभाषा म्हणून मला देवासहून बोलावणे आले. त्यांनी वाड्यात एक पोथी पाहिली आणि कितीतरी वेळ खाली ठेवलीच नाही. मग म्हणाले, "हे लिहिणाऱ्याला लिहिताना पाहायचे आहे." महाराजांनी लगेच दुसऱ्या दिवसाचा हुकूम दिला.

दुपारी अक्काच्या घरी गेलो तेव्हा तिने मला सगळे सांगितले. मला तोवर काहीच माहीत नव्हते. ती घाबरली होती. "ह्यांना ताप आहे म्हणून सांग."

"उद्या ताप सांगशील," दाजी म्हणाले. "परवा काय सांगशील? इतकी वर्षं तुझ्या अक्षरावर शाबासक्या घेतल्या. आता पुरे."

दुसऱ्या दिवशी दरबारात दाजींपुढे कागद आणि दौत मांडली. त्यांनी बोरूला हात लावला नाही. हात जोडून म्हणाले, "सरकार, हे अक्षर माझं नाही. माझी नजर गेली. हे घरातून लिहिलं जातं."

"घरातून?" महाराजांनी विचारले. मग त्यांच्या ध्यानात आले. पाहुण्यांनी मला काय झाले ते विचारले. मी सांगितले. ते उठले आणि दाजींपुढे कमरेत वाकले. म्हणाले, "आमच्या बादशहांच्या दरबारात फार पूर्वी पुरुष चिनी अक्षरे लिहीत. आमची मऊ, वाहती लिपी दरबारातल्या स्त्रियांच्या हाती घडली. आजही नव्या वर्षी बादशहा आणि महाराणी स्वतः कविता रचतात, आणि त्या भर दरबारात वाचल्या जातात." हे मी मराठीत सांगितले.

महाराज म्हणाले, "मग लिहिणारीला बोलवा."

राणीसाहेबांनी पडद्याची गाडी पाठवली. अक्का बांबूच्या चिकाच्या पडद्याआड बसली, मी दाराशी. तिने एक श्लोक लिहून बाहेर पाठवला. पाहुण्यांनी कुंचल्याने एकच अक्षर काढून आत पाठवले. नदी, असा त्याचा अर्थ. अक्काने ते उलटसुलट न्याहाळले. "विचार रे, चुकलं तर हे काय फासतात?"

"काही नाही," पाहुणे म्हणाले. "कुंचला टेकला की टेकला."

"अगं बाई! मग भीतभीतच लिहीत असतील," ती म्हणाली, आणि आतून राणीसाहेबांचे हसू ऐकू आले.

दाजींची चाकरी तशीच राहिली. महाराजांनी एवढेच सांगितले की पुढच्या पोथीत ज्याचे अक्षर त्याचे नाव यावे. अक्का अडून बसली. "ह्यांचं नाव पुसून माझं घालू?"

"पुसतेस कशाला?" दाजी म्हणाले. "जुन्यांत मी आहेच. नव्यांत तू ये."

ती आली. त्यानंतरच्या प्रत्येक पोथीत आली, या पावसाळ्यात हिवतापाने अंथरूण धरीपर्यंत.

दिवसकार्य उरकून मी देवासला निघालो, तेव्हा दाजींनी तिची शेवटची पोथी मागितली. या दिवसांत रोज संध्याकाळी ते ती मागत. मी शेवटचे पान काढून दिले. डिंक घातलेली शाई कागदावर किंचित उठून येते. त्यावरून ते बोट फिरवत गेले आणि एका जागी थांबले. आमच्यात नवरा बायकोला नावाने हाक मारीत नाही. दाजींच्या तोंडून अक्काचे नाव मी कधी ऐकले नव्हते.

"द्वारका," ते म्हणाले... आणि आतल्या खोलीकडे तोंड करून जरा वेळ थांबले.