जनूची मोटार

परवा लेक नेलपॉलिश पुसायला बसली आणि त्या अ‍ॅसिटोनच्या वासानं मी थेट साठच्या दशकातल्या तारापूरला जाऊन पोचलो.

वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं. दातिवऱ्याचा जनू आणि मी एकाच वर्कशॉपात फिटर होतो. एका परदेशी साहेबानं, भाग जोडून करायची प्लास्टिकची छोटी मोटार अर्धवट टाकून दिली होती. ती जनूनं उचलली. छप्पर कापून मागे हौदा बसवला, कंगव्याच्या दातांची जाळी केली, टूथपेस्टच्या ट्यूबच्या पत्र्याचे बंपर केले. सगळं अ‍ॅसिटोननं प्लास्टिक मऊ करून चिकटवलं. आठवडाभर त्याच्या बोटांना तोच वास होता.

साहेबानं ती पाहिली. प्रकल्पाच्या प्रतिकृती बनवायला त्याला माणूस हवाच होता. कोणी केली, असं त्यानं इंग्रजीत विचारलं. जनूनं मला कोपरानं ढोसलं. "तू सांग रं माज्यासाटी. मला कुटं इंग्रजी येतं?"

"आय मेड इट," मी म्हणालो.

आपलंच कौतुक चाललंय असं समजून जनू शेजारी हसत मान डोलवत राहिला.

ती जागा मला मिळाली. "त्यांना इंग्रजी येणारा पाहिजे होता," मी त्याला सांगितलं. त्यानं ते खरं मानलं.

"मंग मला शिकव ना. तू हायस तर मला काय कमी?"

महिनाभर तो वही घेऊन येत होता आणि मी सबबी सांगत होतो. थोडंफार शिकला असता, तर त्या दिवशी मी काय बोललो ते त्याला कळलं असतं.